भूत नाही, मग दुखणे कोणाचे?



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडच्या काही वर्षांत तथागतांच्या धम्माचा स्वीकार केला आहे. देव्हारा उतरविला, नवस-सायास थांबविले, भगत-देवऋष्याच्या घरची वाट सोडली. हे किती अवघड असते ते मी जाणतो. म्हातारी माणसे रुसतात, सोयरे-धायरे नाके मुरडतात, तरीही आपण निर्धाराने हे पाऊल टाकले. त्याबद्दल आपले अभिनंदन करावे तेवढे थोडे आहे.

परंतु देव्हारा काढल्यावर भिंतीवर एक मोकळी जागा राहते. आज मला त्या मोकळ्या जागेविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. आपल्या आया-बहिणी भगताकडे हौसेने जात नव्हत्या. काही तरी दुखत होते म्हणून जात होत्या. त्यांचा उपाय खोटा होता. पण दुखणे खोटे नव्हते. भगत गेला हे उत्तम झाले. पण दुखणे कोठे गेले? हा प्रश्न आपण स्वतःला विचारला आहे काय?

मला तो पुस्तकाने विचारला नाही. माझ्या घरच्या चुलीने विचारला.

चुलीपुढे थांबलेली माय

कुंभार पिंपळगावच्या आसपासच्या शिवारात मी वाढलो आणि याच भागात आज शिक्षकाची नोकरी करतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिला मीच. माझी माय शाळेत कधी गेली नाही. दुसऱ्याच्या कापसात, उसात राबून तिने आम्हाला शिकविले.

ऊस तुटून गेला की शेतकरी फडातले पाचट पेटवितात. त्या धुराचा वास वस्तीत शिरला की माय भाकरी थापता थापता थांबावयाची. तव्यावरची भाकरी करपून कोळसा होई. तिला पत्ता नसे. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कोणी नसे. मी "माय, माय" म्हणून तिचा पदर ओढी. काही वेळाने ती दचके आणि विचारी, "काय झालं रं?" मधला वेळ तिच्या लेखी घडलेलाच नसे. पुढे पुढे पावसाळ्याच्या रात्री तिच्या अंगात येऊ लागले. ती लहान पोरीच्या आवाजात ओरडे, "तोंड दाबू नका, तोंड दाबू नका." सकाळी पुन्हा कामाला उभी. विचारले तर म्हणे, "मला काय बी आठवंना."

वस्तीने निकाल दिला की बाईला लागीर झाले आहे. आजीने तिला भगताकडे नेले. लिंबू झाले, अंगारा झाला, शेवटी मिरच्यांची धुरी दिली. धुराच्या वासाने जिचे मन घर सोडून पळत होते, तिलाच धुरात कोंडले! हे मला कळावयास पुढे वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

आमच्या घरात जयभीम पूर्वीपासून होता. पण रीतसर दीक्षा घेऊन वडिलांनी देव्हारा उतरविला त्या वेळी मी कॉलेजात होतो. विवेकवादाची चार पुस्तके वाचून डोके तापलेले. त्या वर्षी एका रात्री मायच्या अंगात आले तेव्हा मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण? मग हे सोंग कशाला? भूत नाही, देवी नाही, काही नाही. बंद कर हे!"

बंधुभगिनींनो, मी जे बोललो त्यात एक अक्षरही चुकीचे नव्हते. भूत नाही, हे खरेच आहे. पण ज्या रीतीने मी ते बोललो ती रीत भगताच्या धुरीहून वेगळी नव्हती. भगताने तिच्यात भूत पाहिले, मी तिच्यात सोंग पाहिले. तिच्यातली माय कोणीच पाहिली नाही. त्या रात्रीनंतर तिच्या अंगात येणे कमी झाले, पण ती बोलायचीही कमी झाली. मला वाटले, विज्ञानाचा विजय झाला.

पटाचारेची कथा

बऱ्याच वर्षांनी एका वर्षावासात आमच्या विहारात मला पटाचारेची कथा सांगावयास सांगितली. ती आपणांसही थोडक्यात सांगतो.

पटाचारा ही श्रावस्तीच्या एका धनिकाची मुलगी. घरच्या नोकरावर तिचे मन बसले. अशा लग्नाला आई-बाप संमती देणार नाहीत म्हणून ती त्याच्याबरोबर निघून गेली आणि दूरच्या खेड्यात कष्ट करून राहू लागली. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी ती माहेरी निघाली असता वाटेत वादळ-पाऊस झाला. आडोशासाठी फांद्या तोडावयास गेलेला नवरा सर्पदंशाने मेला. दोन लेकरे घेऊन ती पूर आलेल्या नदीपाशी आली. तान्ह्याला पैलतीरावर ठेवून ती थोरल्याला आणावयास परत फिरली, तो नदीच्या मध्यावर असतानाच ससाण्याने तान्हे उचलले. त्याला हाकलण्यासाठी तिने हात वर करून आरोळी ठोकली. थोरल्याला वाटले, आई बोलावते आहे. तो पाण्यात उतरला आणि वाहून गेला. ती एकटी श्रावस्तीच्या वेशीपाशी पोहोचली तेव्हा कळले की रात्रीच्या वादळात घर कोसळून आई, बाप आणि भाऊ एकाच चितेवर जळत आहेत.

तेथे तिचे मन तिला सोडून गेले. अंगावरचे वस्त्र गळून पडले, तेही तिला कळले नाही. लोकांनी वेडी म्हणून तिच्यावर माती फेकली, तिला हाकलले. फिरत फिरत ती जेतवनात आली. भगवान बुद्ध उपदेश करीत होते. लोक तिला अडवू लागले. भगवंतांनी त्यांना थांबविले आणि तिला जवळ येऊ दिले. तिला बहीण म्हणून हाक दिली आणि स्मृती परत मिळव एवढेच सांगितले. ती भानावर आली, आपण उघड्या आहोत हे तिला उमगले आणि ती खाली बसली. एका माणसाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. मग तिने आपली कहाणी सांगितली, आणि तथागतांनी ती ऐकून घेतली. उपदेश त्यानंतर केला.

हा क्रम नीट ध्यानात घ्या. आधी जवळ येऊ दिले. मग नात्याने हाक मारली. मग वस्त्र मिळाले. मग तिचे ऐकले. सर्वांत शेवटी धम्म सांगितला. आपण नेमका उलटा क्रम लावतो. आधी उपदेश करतो, आणि ऐकावयाचे तर राहूनच जाते.

आणखी एक गोष्ट. भगवंतांनी जो शब्द वापरला तो 'सति', म्हणजे स्मृती. पाली भाषेत या एकाच शब्दात आठवणही येते आणि आत्ताचे भानही येते. अष्टांगिक मार्गात आपण सम्यक् स्मृती म्हणतो ती हीच. जिची आठवण तुटली तिचे भानही तुटते. ही गोष्ट तथागतांच्या परंपरेने अडीच हजार वर्षांपूर्वी एका शब्दात बांधून ठेविली.

त्या दिवशी माय विहारात मागे भिंतीला टेकून बसली होती. घरी आल्यावर कंदिलाएवढ्या मंद आवाजात ती म्हणाली, "त्या बाईला त्यांनी बहीण म्हनलं. मला कुनीच काय इचारलं न्हाई रं लेकरा."

मी विचारले. पहिल्यांदाच विचारले.

सात वर्षांची मुलगी

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्याच्या विधिमंडळात संमत झाला. त्यानंतर मराठवाड्याच्या जिल्ह्या-जिल्ह्यांत आपल्या वस्त्यांवर जे संकट आले ते आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. घरे जाळली, धान्य जाळले, विहिरी तोडल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वातही नव्हता. तो १९८१ साली झाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या लढ्याचा इतिहास लिहिला गेला, शहिदांची नावे आपण दरवर्षी घेतो. पण त्या रात्री जी लेकरे आईच्या कडेवर होती, त्यांच्या मनाची नोंद कोणत्या पंचनाम्यात आहे?

माझी माय तेव्हा सात वर्षांची होती. गाव मी सांगत नाही. रात्री वस्तीला आग लागली. तिची आई तिला घेऊन कमरेएवढ्या हायब्रीडच्या पिकात जाऊन बसली. माणसे काठ्या घेऊन बांधावरून फिरत होती. पोरीने रडू नये म्हणून आईने तिचे तोंड हाताने घट्ट दाबून धरले होते. किती वेळ, ते ठाऊक नाही. मायला आग आठवत नाही. आवाज आठवत नाहीत. तिला आठवते ते एवढेच की पायाच्या बोटांत गार चिखल होता, आणि आपण वरून, कणसांच्याही वरून, खाली बसलेल्या एका पोरीकडे पाहत आहोत.

ती पोर म्हणजे ती स्वतः. हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

मनाची फारकत

हे काय असते? शास्त्र याला 'डिसोसिएशन' म्हणते. आपण त्याला मनाची फारकत म्हणू. नवरा-बायकोची फारकत होते तशी जाणिवेची शरीरापासून, आठवणीपासून, भावनेपासून फारकत होते. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. अतिशय धसका बसलेल्या माणसाच्या मनाचा एक भाग सुटा होऊन वेगळाच वागू लागतो, हे त्यांनी रुग्णांच्या निरीक्षणावरून दाखविले. त्यांचे म्हणणे मध्यंतरी मागे पडले, पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगभरच्या डॉक्टरांनी ते पुन्हा हाती घेतले.

हे घडते कसे ते पाहा. संकट आले की प्राणी लढतो किंवा पळतो. पण सात वर्षांच्या पोरीने कोणाशी लढावे? आईच्या मिठीतून कोठे पळावे? ज्या लेकराला घरातलाच माणूस रोज मारतो, किंवा घरातल्याच कोणाचा हात त्याच्या अंगावर नको तेथे पडतो, त्याने तर मुळीच कोठे जावे? भाकर त्याच घरात, भीतीही त्याच घरात. अशा वेळी शरीर पळू शकत नाही म्हणून मन पळते. अंग बधिर होते, आवाज दूर जातात, जग स्वप्नासारखे वाटते, आपण दुसऱ्याच कोणाला तरी पाहत आहोत असे होते. हे वेड नाही आणि सोंगही नाही. ज्या लेकराजवळ दुसरे कोणतेही हत्यार नव्हते, त्याच्या मनाने त्याला वाचविण्यासाठी केलेला हा उपाय आहे.

मग बिघडते कोठे? संकट संपते, उपाय संपत नाही. विशेषतः मन अजून घडत असते त्या वयात, आणि पुन्हा पुन्हा असे झाले, तर मनाला पळण्याची वाट पडून जाते. पुढे धुराचा वास, दाराची कडी वाजणे, कोणाचा चढलेला आवाज, एवढे निमित्त पुरते. माणूस बसल्या जागी हरवतो. दिवसातले काही तास आठवत नाहीत. कोणाला मेंदूचा दोष नसताना फिटसारखे झटके येतात, कोणाची वाचा जाते, कोणाच्या अंगात येते.

अंगात येणे प्रत्येक वेळी आजारच असते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात अंगात येण्याच्या विकाराची नोंद या फारकतीच्या विकारांतच आहे. मात्र जे रूढीचा भाग म्हणून घडते त्याला ती यादी आजार म्हणत नाही. माणसाच्या इच्छेविरुद्ध घडते आणि त्याचे जगणे अवघड करते, तेव्हाच तो आजार. म्हणजे भगत म्हणतो तसे भूत नाही, आणि मी ओरडलो तसे सोंगही नाही.

बालपणीच्या घावांचा हिशेब किती लांबवर चालतो हे अमेरिकेतील सतरा हजारांहून अधिक प्रौढ माणसांच्या एका अभ्यासातून पुढे आले. १९९८ पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. लहानपणी मारहाण, अत्याचार, हेळसांड, घरातील दारू असे प्रकार जितके अधिक सोसलेले, तितके पुढे उदासीनता, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न आणि हृदयविकारासारखे शरीराचे रोगही अधिक आढळले. पण यावरून घाव बसलेले प्रत्येक लेकरू बिघडतेच असे समजू नये. ज्या लेकराला घाव बसल्यानंतर एक तरी भरवशाचे मोठे माणूस मिळते, ते पुष्कळदा सावरते. सगळे त्या एका माणसावर असते.

आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. तडा असला तर आवाज बद येतो. वरून काही दिसत नाही. पण तडा दिसला म्हणून त्या मडक्यावर काठी मारून तडा बुजतो काय?

जे सांगितले जाते ते मागे पडते

पूज्य बाबासाहेबांच्या बालपणाकडे पाहा. १९०१ साली, वय दहाच्या आसपास असताना, ते भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघाले. वडील खटाव तालुक्यात नोकरीवर होते. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवान गाडी द्यावयास तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकावयाची. जवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही. रात्रभर ती मुले तहानलेली राहिली. बाबासाहेबांनी मोठेपणी हा प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेविला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९९० साली, ते लिखाण पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

त्यांच्या मनाचे निदान करण्याचा मला अधिकार नाही आणि माझा तसा हेतूही नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की त्यांनी तो घाव शब्दांत मांडला. गाव, स्टेशन, बैलगाडी, तहान, सगळे क्रमाने सांगितले. जे सांगितले जाते त्याला तारीख मिळते. ते घडून गेलेले होते. जे सांगता येत नाही ते घडतच राहते. माझ्या मायची रात्र चाळीस वर्षे संपली नव्हती, कारण ती कोणालाच सांगितली गेली नव्हती.

माझ्या वर्गातली पोर

एवढे शहाणपण येऊनही मी पुन्हा चुकलो, तेही आपणांस सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणित चालू असता ती फळ्याकडे पाहत गप्प होई. विचारले तर उत्तर नाही. एकदा मी चिडून टेबलावर डस्टर आपटला. ती दचकली नाही. ते पाहून माझ्याच अंगावर काटा आला. नऊ वर्षांचे लेकरू एवढ्या आवाजाला दचकत नाही, म्हणजे ते तेथे नाही. मला चुलीपुढची माय दिसली.

मी तिला ओरडलो नाही. तिच्याजवळ खाली बसलो, हळू आवाजात तिचे नाव घेतले आणि म्हणालो, "बाळ, तू वर्गात आहेस. ही खिडकी, बाहेर लिंब आहे. पाय फरशीला लागतात का बघ." थोड्या वेळाने ती परत आली. त्या दिवशी मी तिला दुसरे काहीही विचारले नाही. पुढे कितीतरी दिवसांनी तिने आमच्या एका बाईंजवळ आपणहून तोंड उघडले. तिने काय सांगितले ते येथे लिहिण्याचे नाही. कायद्याप्रमाणे करावयाचे ते केले. ती आज शिकत आहे. अजूनही कधी कधी हरवते, पण आता तिला परत येण्याची वाट ठाऊक आहे.

आपल्या घरी काय करावे

आपल्या घरात असे कोणी असेल, तर प्रथम दवाखाना. टक लावून हरवणे हे फिट येण्याच्या एका प्रकारातही होते. अशक्तपणाने, झोप न मिळाल्याने, कमी ऐकू आल्यानेही लेकरू गप्प बसते. म्हणून आपणच निदान करू नये. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात. '१४४१६' हा टेलिमानस या सरकारी सेवेचा फोन क्रमांक आहे. तेथे पैसे न देता मराठीत बोलता येते. मनाच्या डॉक्टराकडे जाणे म्हणजे वेड्यांत काढणे नव्हे. माझी माय गेली. फारकतीवर मुख्य उपचार हा सावकाश, भरवशाने केलेल्या बोलण्याचा असतो, हे तिला तेथे सांगितले. तिला झोप लागत नसे, त्यापुरते औषधही दिले.

दुसरे, हरवलेल्या माणसाला हलवू नका, मारू नका, तोंडावर पाण्याचे सपकारे मारू नका, धूर तर मुळीच नको. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर तो कायदा आला, हे विसरू नका. शांतपणे नाव घ्या. कोठे आहोत, वार कोणता, जवळ कोण आहे ते सांगा. पाय जमिनीला टेकू द्या.

तिसरे, जुन्या गोष्टी खोदून काढू नका. "असेच झाले ना? त्यानेच केले ना?" असे तोंडात शब्द घालून विचारू नका. जखम केव्हा उघडावयाची ते जखमी माणूस ठरवील. आपण फक्त ऐकण्यास हजर असावे. मात्र लेकराने अंगाशी झालेल्या अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर "गप्प बस, घरची अब्रू जाईल" असे म्हणू नका. तो हात तोंडावर दाबण्यासारखाच आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळविणे बंधनकारक आहे. '१०९८' हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

चौथे, ध्यानाविषयी. आपण विहारात आनापानसती करतो. ती मोलाची साधना आहे. परंतु ज्याचे मन डोळे मिटताच त्या जुन्या रात्रीत जाते, त्याला डोळे मिटून तासभर बसण्याची सक्ती करू नका. त्याने त्रास वाढू शकतो. तथागतांनी स्मृतीची साधना केवळ बसून सांगितलेली नाही. चालताना, उभे असताना, वाकताना, खाताना सांगितली आहे. अशा माणसाने डोळे उघडे ठेवून चंक्रमण करावे. पटाचारा पुढे भिक्षुणी झाली, आणि तिला मार्ग सापडला तो कसा, तर पाय धुताना उतरणीवरून वाहत जाणारे पाणी पाहता पाहता. पायांवरचे गार पाणी! माझी माय रोज संध्याकाळी चूल पेटविण्याआधी अंगणात पाय धुते. धूर आला की ती पायांकडे पाहते आणि म्हणते, "मी इथं हाय. पोरगं मास्तर झालंय. हायब्रीड न्हाई, अंगण हाय."

भाकरी अजूनही कधी कधी करपते. नाही असे नाही. पण आता हाक मारली की ती परत येते, आणि आम्ही करपलेला पापुद्रा काढून तीच भाकरी खातो.

बंधुभगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना दीक्षा दिली ती आपण पुन्हा माणूस व्हावे म्हणून. देव गेला, भगत गेला, भूत गेले. आता त्यांच्या मोकळ्या जागी कोण बसणार? तेथे कोरडा उपदेश बसविला, तर आपण देव्हारा बदलला एवढेच होईल. तेथे आपण बसावे. जेतवनात लोक त्या उघड्या बाईला अडवीत होते तेव्हा एकाने आपले उपरणे काढून दिले. त्याचे नाव कथेत नाही. ते उपरणे होणे, एवढा धम्म तर आपल्या हाती आहे.

आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या घरातल्या गप्प राहणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. माय म्हणा, बहीण म्हणा, बाळ म्हणा. आणि मग ते बोलेपर्यंत आपण बोलू नका.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय. जयभीम.